आयत्या वेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने

हातोडा गावात कुणाकडेच नव्हता.
फिलोमिना किओ यांनी कोटाच्या खिशातून
वल्ह्याची लाकडी खुंटी काढली, वडिलांच्या होडीची,
आणि टेबलावर दोनदा आपटली.
सात वाजून चार मिनिटं.
बाहेर न्यूफाउंडलंडचा वारा शाळेचं दार तपासत होता.

मतदार चोवीस, हजर चोवीस.
गणपूर्ती म्हणजे सगळं गावच.
मी त्यांतला नाही, दोन वर्षांपूर्वीचा उपरा,
तीन मुलांचा मास्तर. अक्षर बरं, म्हणून चिटणीस.

विषय एकच: गनर्स टिकल सोडायचं की नाही.
सरकार घरटी पैसे देईल,
मग बोट बंद, वीज बंद.
ठराव मंजूर व्हायला, झालेल्या मतांपैकी
तीन चतुर्थांशाहून जास्त मतं हवीत.

त्या म्हणाल्या, "अध्यक्ष मत देणार नाही.
आणि एकमेकांशी बोलायचं नाही. माझ्याशी बोला."

मला तेव्हा तो नुसता शिष्टाचार वाटला.

लिअँडर हाइन्स उठला.
अकरा वर्षं तो अँब्रोज पिटमनशी बोलला नव्हता,
एका जाळ्यावरून, ज्याचं आता सूतही उरलं नसेल.
खुर्चीकडे बघत म्हणाला,
"अध्यक्ष, समोरच्या गृहस्थांना सांगा,
त्यांची बायको आजारी होती त्या रात्री
बोट मी काढली, ते उपकार नव्हते."
अँब्रोजही उठला, खुर्चीकडेच बघत.
"अध्यक्ष, त्या गृहस्थांना सांगा,
मला ठाऊक आहे."
दोघांचं बोलणं त्यांच्यातून असं गेलं
जसं दोरखंड कप्पीतून जातं.
"विषयाला धरून नाही," त्या म्हणाल्या,
आणि मला हळूच, "लिहू नकोस."
पण दोघांनाही थांबवलं मात्र नव्हतं.

मग सिरिल, त्यांचा सख्खा भाऊ, बाकावरूनच ओरडला,
"फिलो, तू सांग ना! आईचं घर तुझ्याच नावावर आहे!"
"हरकतीचा मुद्दा आहे?"
"नाही, पण..."
"मग खाली बसा, मिस्टर किओ."
गेली चाळीस वर्षं त्याचे केस त्याच कापतात.
तो बसला. मानेपर्यंत लाल झालेला.

हात वर झाले. त्यांनी दोनदा मोजले,
दुसऱ्यांदा बोटाने, एकेकाचं नाव ओठांत घेत.
अठरा बाजूने. पाच विरुद्ध.
त्यांचा स्वतःचा हात खुंटीवर होता.
"ठराव मंजूर."
आवाज तोच, ज्या आवाजात त्या
पोस्टाच्या खिडकीतून टपाल हातात देत.

"आयत्या वेळचे विषय?"

बराच वेळ कुणीच काही नाही.
मग डल्सी व्हेलन, वय नव्वद, कानाला यंत्र,
"आज स्टोव्हमधली राख काढायची पाळी कुणाची?"
कुणीतरी हसलं, कुणाचं तरी हसणं मध्येच मोडलं.
"माझी," अध्यक्ष म्हणाल्या,
आभार मानले, खुंटी आपटली,
कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला
आणि बादली घ्यायला गेल्या.

रात्री मी गणित केलं. मास्तरच मी, राहवलं नाही.
तेवीसात अठरा: मंजूर.
चोवीसात अठरा: बरोब्बर तीन चतुर्थांश,
त्याहून जास्त नव्हे.
म्हणजे तो एक हात विरोधात वर झाला असता
तर बोट चालू राहिली असती.
हे त्यांना मोजताना कळलं असणारच. पहिल्यांदाच.
म्हणून दुसऱ्यांदा मोजलं का?
की तो हात अठरांसोबतच गेला असता,
आणि मी उगाच त्यांच्या तोंडी गाव घालतो आहे?
विचारलं नाही. नियमाबाहेरचा प्रश्न.

इतिवृत्त मी सुवाच्य लिहून काढलं, चार पानं.
रीत अशी, की पुढच्या सभेत ते वाचायचं,
अध्यक्षांनी विचारायचं, काही दुरुस्ती?
आणि सही करून कायम करायचं.
पुढची सभा झाली नाही.
पानं माझ्याकडेच आहेत,
अजून कायम न झालेली.